टाइमप्लीज नसलेला खेळ

२०२२ च्या दिवाळीची सुट्टी संपत आलेली आणि भावाची मुलगी मनू सांगलीहून माझ्याकडे पुण्याला राहायला आली होती. ६ नोव्हेंबर, रविवार. पोहे खाता खाता एकदम म्हणाली, "आत्या, आज तो दिवस आहे. आज ते सगळे आत अडकले." अशा आवाजात म्हणाली की जणू गल्लीतल्याच कुणाची तरी बातमी सांगतेय. बारा वर्षांची पोर, चमचा हवेत तसाच धरलेला. मी विचारलं कोण अडकलं, कुठे अडकलं, तर मग तिने सगळी गोष्ट सांगितली, पोहे पार गार होईपर्यंत.

गोष्ट जपानी आहे, स्वोर्ड आर्ट ऑनलाइन. रेकी कावाहारा नावाच्या लेखकाच्या कादंबऱ्या आणि त्यांच्यावरचं २०१२ पासूनचं ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका. त्यात नर्व्हगिअर नावाचं एक हेल्मेट असतं, ते डोक्यात घातलं की शरीर पलंगावर पडून राहतं आणि माणूस पूर्णपणे गेमच्या आत जातो. ६ नोव्हेंबर २०२२ ला, म्हणजे गोष्टीतल्या ६ नोव्हेंबरला, नवा गेम सुरू होतो आणि दहा हजार लोक आत जातात. थोडा वेळ मजा करतात, मग कुणाच्या तरी लक्षात येतं की मेनूमध्ये लॉगआऊटचं बटणच नाहीये. आकाश लाल होतं आणि गेम बनवणारा माणूस वरून सांगतो की ही चूक नाही, हे असंच आहे, शंभरावा मजला सर झाल्याशिवाय कुणी बाहेर जाणार नाही, आत मेलात तर हेल्मेट मायक्रोवेव्ह सोडून तुमचा मेंदू जाळेल, आणि बाहेरच्या कुणी हेल्मेट ओढून काढायचा प्रयत्न केला तरी तेच होईल. त्याचं बोलणं सुरू असतानाच २१३ जण गेलेले असतात. घरच्यांनी हेल्मेट काढायला बघितलं म्हणून.

मनूला शंभर मजले आवडतात, तलवारी आवडतात, ती दोन मुख्य पात्रं आवडतात. माझ्या डोक्यात मात्र दिवसभर ते २१३ राहिले. म्हणजे कुणाची तरी आई हाक मारायला खोलीत आली असणार, पोरगं उठत नाही म्हणून घाबरून तिने हेल्मेटचा पट्टा सोडला असणार. बाकी कशानेही नाही इतका काटा मला त्याने आला.

आणि त्याच दिवशी, खऱ्या जगातल्या त्याच तारखेला, पामर लकीने त्याच्या ब्लॉगवर लिहिलं की त्याने असा हेडसेट खरंच बनवलाय. मी ते एकदोन दिवसांनी वाचलं.

पामर लकी म्हणजे कुणी टाइमपास करणारा पोरगा नाही. ऑक्युलस काढणारा तोच, म्हणजे आज घरोघरी आणि मॉलमध्ये जे व्हीआर, डोळ्यांवर चढवून आभासी जगात जायचं यंत्र, दिसतंय त्याला पुन्हा जीव देणारा. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्याने लोकांकडून पैसे गोळा करून ते सुरू केलं आणि २०१४ ला फेसबुकने दोन अब्ज डॉलर्सना कंपनी विकत घेतली. २०१७ मध्ये तो तिथून बाहेर पडला आणि अँडुरिल नावाची शस्त्रं बनवणारी कंपनी काढली. तर अशा माणसाने लिहिलंय की मायक्रोवेव्हचं काम मोठ्या मशीनला जोडल्याशिवाय जमणारं नव्हतं म्हणून त्याने दुसऱ्या एका प्रोजेक्टसाठी वापरतो ते तीन स्फोटक चार्जेस कपाळावरच्या बाजूला बसवले, आणि ते पेटवायला एक छोटा प्रकाशाचा सेन्सर लावला. स्क्रीन ठरावीक वेगाने लाल रंगात लुकलुकली की सेन्सरला कळतं गेम ओव्हर झाला. मग चार्जेस उडतात. संपलं. पुढे तो असंही लिहितो की हेडसेट काढताच येणार नाही अशी व्यवस्था नर्व्हगिअरसारखी पुढे करायचा विचार आहे. स्वतः घालून बघायची हिंमत झालेली नाही, सध्या ही ऑफिसात ठेवलेली एक कलाकृती आहे, गेम डिझाईनचे न चाललेले रस्ते आठवून देणारी.

मी त्याच्यावर विश्वास ठेवते. कलाकृती म्हणाला तर कलाकृती. ती कुणाच्या डोक्यावर जाईल असं मला वाटत नाही. पण त्याच लेखात त्याचं एक म्हणणं आहे ते मला पटलं नाही आणि त्यासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलंय. त्याचं म्हणणं, ग्राफिक्स कितीही भारी केले तरी गेम फक्त खरा दिसतो, खरा वाटायचा असेल तर परिणाम गंभीर असायला हवेत, जीव पणाला लागायला हवा.

मला लगेच आमचा वाडा आठवला. सांगलीला गावभागात आमच्या वाड्यात संध्याकाळी लपंडाव असायचा, मी जिन्याखाली रॉकेलच्या डब्यामागे बसायचे, आणि राज्य असलेल्याचे पाय जवळ आले की छाती इतकी धडधडायची की वाटायचं आवाज त्याला ऐकू जाईल. काय पणाला होतं? काहीच नाही. फार तर पुढचं राज्य माझ्यावर. तरी ते इतकं खरं होतं की आज पंचेचाळिशीला आले तरी रॉकेलचा वास आला की श्वास रोखला जातो. आणि त्या सगळ्यात कुणाचं ढोपर फुटलं, कुणाला आईने हाक मारली, कुणाला नुसतंच रडू आलं, तर "टाइमप्लीज!" आमच्याकडे मूठ तोंडाशी नेऊन म्हणायचे. कुठलंही पोर कधीही म्हणू शकायचं, त्यासाठी कारण द्यावं लागायचं नाही, आणि सगळा खेळ जागच्या जागी थांबायचा. धावत येऊन धप्पा द्यायला उचललेला हातसुद्धा हवेत थांबायचा. लहान पोरांना कच्चा लिंबू करायचे म्हणजे ती खेळात असायची पण आऊट व्हायची नाहीत. हे नियम आम्हाला कुणी शिकवले नव्हते, बहुतेक प्रत्येक वाड्यात पोरंच पोरांना शिकवत आलीयेत.

त्या जपानी गोष्टीतलं मरण मला म्हणूनच दुसऱ्या नंबरचं वाटतं. पहिला नंबर त्या मेनूतल्या रिकाम्या जागेचा, जिथे लॉगआऊट असायला हवं होतं.

आता लाल रंगाबद्दल. लकीने लाल लुकलुक का निवडली असेल हे मला समजतं, सेन्सरला ओळखायला सोपं आणि गेममध्ये टाकायलाही सोपं. पण ती ओळ वाचून माझे हात गार पडले, कारण आमच्या घरात हे एकदा झालेलं आहे. त्यात स्फोटकं नव्हती, हेल्मेट नव्हतं, नुसता टीव्ही होता.

१९९८ ची मे महिन्याची सुट्टी. बंड्या, माझा धाकटा भाऊ, मनूचा बाबा, तेव्हा अकरा वर्षांचा. शेजारच्यांकडून दोन दिवसांसाठी टीव्ही गेम आणलेला, त्याच्याबरोबर पिवळी कॅसेट, एकात शेकडो गेम असं लिहिलेली, त्यातले निम्मे तेच तेच. बाहेर ऊन मी म्हणत होतं म्हणून खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले, खोलीत अंधार आणि त्यात टीव्हीचा उजेड. वायर आखूड होती त्यामुळे बंड्या टीव्हीला जवळपास नाक लावून बसलेला. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागलेला. विमानांचा कुठला तरी गेम होता, आपलं विमान पडलं की स्क्रीन लाल पांढरी लाल पांढरी व्हायची. मी मागे कॉटवर पुस्तक घेऊन पडले होते. खडखड आवाज आला म्हणून बघितलं तर कंट्रोलर फरशीवर आपटत होता. त्याच्या हातात तसाच. हात त्याचे नव्हते असे हलत होते. डोळे उघडे, पण तो आत नव्हता.

मी टीव्ही बंद केला नाही. हे मला आजही सांगताना त्रास होतो. मी ओरडत बाहेर पळाले आणि स्क्रीन तशीच लुकलुकत राहिली, त्याच्या तोंडावर लाल, पांढरं, लाल. माणसं जमली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चामड्याची चप्पल हुंगवली, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबला, एका काकांनी दातात चमचा घालायचा प्रयत्न केला आणि त्याचा एक दात हलला. सगळे प्रेमाने करत होते. बंड्याला जीवापाड जपणारी माणसं होती ती. कुणालाच माहीत नव्हतं की फक्त कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना गाठायचा. दोनेक मिनिटांत ते आपोआप थांबलं. मला विचाराल तर दुपार संध्याकाळ रात्र सगळं त्यात मावलं होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला. डोक्याला पांढरी पेस्ट लावून वायरी चिकटवलेल्या, बंड्या झोपलेला, आणि चेहऱ्यासमोर एक दिवा जो आधी हळू आणि मग वेगाने लुकलुकत जातो. मला दाराशी उभं राहू दिलं होतं. दिव्याचा वेग वाढला तसा कागदावरच्या सुया एकदम उसळल्या आणि टेक्निशियनने लगेच दिवा बंद केला. लगेच. त्या माणसाचा हात आधीपासूनच बटणावर होता हे मी बघितलेलं.

डॉक्टरांनी सांगितलं प्रकाशामुळे येणारी फिट, अपस्माराचाच एक प्रकार. फिट येणाऱ्या शंभर माणसांमध्ये साधारण तिघांचा असा असतो, आणि जास्त करून याच वयात, शाळेतल्या पोरांमध्ये आणि नुकत्याच वयात आलेल्यांमध्ये दिसतो. डोळ्यांवर ठरावीक वेगाने उजेड आदळायला लागला की मेंदूच्या मागच्या भागातल्या पेशी त्याच तालावर पेटायला लागतात, बहुतेकांच्या डोक्यात तो ताल तिथेच विरतो, काहींच्या डोक्यात तो पसरत जातो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकलं की धोका सुरू, पंधरा ते पंचवीसच्या आसपास सगळ्यात वाईट, आणि गडद लाल रंग सगळ्यात जास्त त्रासाचा. आपल्याकडचे जुने टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र आखायचे, ते पण एक ओळ सोडून एक, त्यामुळे अगदी जवळ बसलेल्याला त्या ओळींची थरथर सेकंदाला २५ वेळा जाणवायची. म्हणजे आखूड वायरसुद्धा त्यात होती.

नंतर बऱ्याच वर्षांनी मला कळलं की बंड्याच्या फिटच्या पाचच महिने आधी, १६ डिसेंबर १९९७ ला, अख्ख्या जपानमध्ये हे झालं होतं. संध्याकाळी साडेसहाला पोकेमॉनचा एक भाग लागला, गोष्ट होती कॉम्प्युटरच्या आत शिरण्याची. वीसेक मिनिटांनी पिकाचूने वीज सोडली आणि स्क्रीन लाल निळी लाल निळी झाली, सेकंदाला साधारण बारा वेळा, चारपाच सेकंद फक्त. त्या संध्याकाळी ६८५ जणांना ॲम्ब्युलन्सने दवाखान्यात न्यावं लागलं, जवळजवळ सगळी मुलंच. कुणी दगावलं नाही. पण बातम्यांमध्ये तोच तुकडा परत दाखवला आणि तो बघून आणखी काही जणांना त्रास झाला. मालिका चार महिने बंद ठेवली, तो भाग पुन्हा कुठेच दाखवला नाही, जपानी चॅनेलांनी लुकलुकीचे नियम केले. ब्रिटनमध्ये तर १९९३ मध्येच नूडल्सच्या एका जाहिरातीने लोकांना फिट आल्या होत्या आणि त्यानंतर तिथे नियम झाले होते. म्हणजे माहिती जगात होती, आमच्या वाड्यात पोचली नव्हती एवढंच.

डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. समोर असं काही लुकलुकायला लागलं तर डोळे मिटून भागत नाही. पापणीतून उजेड आत येतोच आणि येतो तो लाल होऊन. मान वळवायची आणि तळहाताने एक डोळा पूर्ण झाकायचा, घट्ट, कारण दोन्ही डोळ्यांनी मिळून जेवढा मारा मेंदूवर होतो तेवढा एकाने होत नाही. बंड्याने ते इतकं अंगी बाणवलंय की आज अडतिशीत लग्नाच्या हॉलमध्ये डीजेचे दिवे सुरू झाले की त्याचा डावा हात आपोआप वर जातो. अनोळखी माणसांना वाटतं डोळ्यात काहीतरी गेलंय. त्या रविवारी मनूशी बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हेच त्याचं टाइमप्लीज आहे. फक्त मूठ तोंडाशी जात नाही, तळवा डोळ्याशी जातो.

पण ते डॉक्टरांनी त्याला दिलं म्हणून आहे. डिसेंबर २०२० ला सायबरपंक २०७७ नावाचा गेम आला, प्रचंड गाजावाजा झालेला. त्यात ब्रेनडान्स म्हणून प्रकार आहे, डोक्याला यंत्र लावून दुसऱ्याच्या आठवणीत शिरायचं. यंत्र सुरू होताना लाल पांढऱ्या दिव्यांचा झपाटा यायचा, अगदी ईईजीच्या खोलीतल्या दिव्यासारखा. गेमचं परीक्षण लिहिणाऱ्या एका बाईंना तिथे मोठी फिट आली. त्यांनी लोकांना सावध करायला सगळं नीट लिहून काढलं, कंपनीने काही दिवसांत तो झपाटा बदलला, ते चांगलंच झालं. पण मधल्या दिवसांत काही लोकांनी त्या बाईंना मुद्दाम लुकलुकते व्हिडिओ पाठवले. मुद्दाम. ब्रिटनमध्ये आता २०२३ च्या कायद्याने हा गुन्हा आहे, कारण एखाद्याला फिट यावी म्हणून लुकलुकतं चित्र पाठवणारे खरंच असतात. मला लकीच्या हेडसेटपेक्षा या लोकांची जास्त भीती वाटते. त्यांना सेन्सर लागत नाही.

कुणी म्हणेल फिटने माणूस काही मरत नाही. मरतो. झोपेत जातो कधी, पाण्यात जातो. अपस्मार असलेल्या मोठ्या माणसांमध्ये वर्षाला हजारात एखादा असा अचानक जातो, काही कारण सापडत नाही. म्हणून बंड्याची कृष्णा बंद झाली. सांगलीच्या पोराला घाट बंद होणं म्हणजे काय हे सांगलीकरांनाच कळेल. बाकी पोरं पायऱ्यांवरून सूर मारायची आणि हा वर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचा. सहा वर्षं व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध घेतलं, मोठेपणी फिट थांबल्या. नदीत तो नंतरही कधी उतरला नाही.

आणि नुसत्या न उठण्यानेही माणसं गेलीत. २००५ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियात देगू शहरात अठ्ठावीस वर्षांचा एक माणूस सायबर कॅफेत जवळजवळ पन्नास तास स्टारक्राफ्ट खेळत बसला आणि हृदय बंद पडून गेला. त्याच्या स्क्रीनवर बाहेर पडायचं बटण होतं. मी त्याचा विचार बऱ्याचदा करते, की त्याला शेवटच्या तासांत कुणी हाक मारली असेल का, आणि मारली असेल तर ती कुठून ऐकू आली असेल. कोरियाने २०११ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद असा कायदा केला, दहा वर्षं चालवला आणि मग मागे घेतला. बरोबर की चूक यावर तिथे खूप वाद झाले. मला त्यात सरकारपेक्षा गच्चीवरून "आता बास, वर या" म्हणणारी आई जास्त दिसते.

हे सगळं मी मनूला त्या दिवशी सांगितलं. म्हणजे सगळं नाही, कांदा आणि चप्पल सांगितली, टीव्ही मी बंद केला नाही ते सांगितलं नाही. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "बाबा म्हणून गेम खेळत नाही? मला वाटायचं त्याला आवडत नाही."

पुढच्या मे महिन्यात सगळे पुण्यात होते. मॉलमध्ये व्हीआरचा स्टॉल लागला होता आणि मनूला बसायचं होतं, रोलर कोस्टर. तिचा ईईजी बंड्याने कधीच करून घेतलाय, स्वच्छ आला, घरात हा त्रास असू शकतो म्हणून केला होता. तरी तो स्टॉलवरच्या मुलाला विचारत राहिला, यात लुकलुकतं का काही, लाल येतं का. त्या मुलाला काय उत्तर द्यावं कळेना. मग बंड्याने हेडसेट हातात घेतला, पट्टा कुठून सैल होतो ते विचारलं, सैल केला, घट्ट केला, परत सैल केला. मागे चारपाच जणांची लाईन. मला वाटलं कुणीतरी बोलेल पण कुणी बोललं नाही.

सहा मिनिटांची राईड होती. मनू खुर्चीत किंचाळत होती, हसत होती, पाय झाडत होती. तो तिच्या मागे उभा होता, स्क्रीनकडे पाठ करून, आणि त्याचा हात सगळा वेळ तिच्या डोक्यामागच्या पट्ट्यावर होता.